रबरी टायरांची नागरी रेल्वे

रबरी टायरांची नागरी रेल्वे : शहरातील प्रवासी वाहतुकीसाठी राखून ठेवलेल्या स्वतंत्र मार्गावर विजेच्या साहाय्याने धावणारी आणि डब्यांचा भार पोलादी चाकांऐवजी हवा किंवा नायट्रोजन भरलेल्या रबरी टायरांवर पेलणारी रेल्वे. सामान्य रेल्वेत भार पेलणे व मार्गावर टिकून राहणे ही दोन्ही कामे पोलादी चाक आणि त्याची कड करतात. रबरी टायरांच्या रेल्वेत ही कामे विभागलेली असतात. टायर भार पेलतात, तर दिशा राखण्याचे काम आडवी बसविलेली वेगळी चाके किंवा मधली मार्गदर्शक तुळई करते. पॅरिस येथे १९५० नंतरच्या दशकात या पद्धतीचा नियमित वापर सुरू झाला व तेथून ती कॅनडा, मेक्सिको, चिली, जपान इ. देशांत पसरली. महाराष्ट्रात मुंबईची एकरुळी रेल्वे (मोनोरेल) रबरी टायरांवर चालविण्यात आली. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) या शहरांसाठीही रबरी टायरांच्या ‘मेट्रो निओ’ या पद्धतीचा विचार झाला. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक क्षेत्रांना जोडणारा मार्ग अशा वाहनांसाठी योग्य आहे काय, या प्रश्नाचा विचार करताना या पद्धतीचा सु. सात दशकांचा इतिहास उपयुक्त ठरतो.

पूर्वेतिहास : हवा भरलेल्या टायराचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले. त्याचा व्यवहारात प्रसार मात्र जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये सायकलीसाठी केलेल्या टायरापासून झाला. रेल्वेच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रयत्न मिशलँ या फ्रेंच कंपनीने केले. तिने १९२९ पासून प्रयोग करून रुळांवर रबरी टायरांनी धावणारे हलके मोटार-डबे तयार केले. ‘मिशलिन’ या नावाने ते १९३१ पासून प्रसिद्धीस आले. आवाज कमी व प्रवास सुखकर हे त्यांचे गुण प्रवाशांना आवडले. परंतु रुळाचा माथा अरुंद असल्याने त्यावर बसणारा टायरही अरुंद ठेवावा लागे आणि तो फारच थोडा भार पेलू शके. त्यामुळे डबा अतिशय हलका करावा लागे व त्याला चाकेही पुष्कळ लागत. रबरी टायर वापरावयाचा असेल, तर त्यासाठी रुळाऐवजी रुंद धावपट्टी हवी, हा धडा या प्रयोगांतून मिळाला. पुढील सर्व विकास या धड्यावर आधारलेला आहे.

पॅरिसमधील प्रयोग : पॅरिसची भुयारी रेल्वे १९ जुलै १९०० रोजी सुरू झाली. तेथील स्थानके एकमेकांच्या फार जवळ असून मार्गांवर तीव्र वळणे व चढ आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस गाड्या जुन्या झाल्या होत्या आणि प्रवाशांची गर्दी मात्र वाढत होती. नवे बोगदे खणण्यास पैसा नव्हता. आहे त्याच बोगद्यांतून अधिक गाड्या सोडावयाच्या, तर प्रत्येक गाडीने स्थानकातून लवकर वेग घेतला पाहिजे व पुढील स्थानकात कमी अंतरात थांबले पाहिजे. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरत असल्यामुळे या दोन्ही गोष्टींना मर्यादा पडते. रबराची पकड अधिक असल्याने ही मर्यादा बरीच मागे ढकलता येईल, असा विचार पुढे आला.

त्यानुसार ‘एमपी ५१’ हा प्रायोगिक डबा तयार करण्यात आला. पॅरिसच्या ईशान्य भागातील वापरात नसलेल्या एका लहान जोडमार्गावर एप्रिल १९५२ ते मे १९५६ या काळात तो प्रवाशांना घेऊन धावत होता. प्रयोग समाधानकारक ठरल्यावर अकरा क्रमांकाचा मार्ग रूपांतरासाठी निवडण्यात आला. हा मार्ग आखूड असून त्यावर चढ व वळणे अधिक असल्याने नव्या पद्धतीची तेथे खरी परीक्षा होणार होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये त्यावर रबरी टायरांच्या गाड्या धावू लागल्या. त्यानंतर अतिशय गर्दीच्या एक क्रमांकाच्या (१९६४) व चार क्रमांकाच्या (१९६७) मार्गांचे रूपांतर झाले. सहा क्रमांकाचा मार्ग बऱ्याच भागात उन्नत असून इमारतींच्या अगदी जवळून जातो. तेथील आवाज व कंपने कमी करण्यासाठी त्याचेही १९७४ पर्यंत रूपांतर करण्यात आले.

यानंतर मात्र जुन्या मार्गांचे रूपांतर थांबले. रहदारी चालू ठेवून रात्रीच्या काही तासांत संपूर्ण मार्ग बदलणे हे काम खर्चिक व वेळखाऊ होते. दरम्यान पोलादी चाकांच्या गाड्यांतही पुष्कळ सुधारणा झाली. अधिक आसांना विद्युत् चलित्रे जोडल्याने त्यांचा प्रवेग वाढला, तर लवचिक निलंबनामुळे त्यांचा आवाज व हादरे कमी झाले. ज्या उणिवांमुळे रबराकडे लक्ष गेले, त्यांपैकी अनेक उणिवा अशा रीतीने पोलादी पद्धतीतच दूर झाल्या. १९९८ मध्ये सुरू झालेल्या चौदा क्रमांकाच्या चालकरहित मार्गासाठी पुन्हा रबरी टायर निवडण्यात आले. त्यामुळे पॅरिसच्या सोळा मार्गांपैकी पाच मार्ग या पद्धतीचे आहेत. महानगराभोवती आखलेल्या पंधरा ते अठरा क्रमांकांच्या नव्या मार्गांसाठी मात्र पोलादी चाकेच स्वीकारण्यात आली.

रचना व कार्य : पॅरिस पद्धतीच्या मार्गात नेहमीचे दोन रूळ असतातच. त्यांच्या बाहेरच्या बाजूंस पोलादाच्या किंवा काँक्रीटच्या दोन सपाट धावपट्ट्या असतात. डब्याचे रबरी टायर या पट्ट्यांवरून चालतात. धावपट्ट्यांच्याही बाहेर, काहीशा उंचीवर, उभ्या पृष्ठभागाच्या दोन मार्गदर्शक पट्ट्या बसवितात. बोगीच्या कोपऱ्यांवर असलेली लहान आडवी रबरी चाके या पट्ट्यांना टेकून फिरतात व गाडीला मार्गावर राखतात. याच पट्ट्यांतून ७५० व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युत् प्रवाह गाडीला पुरविला जातो व तो रुळांवाटे परत जातो.

प्रत्येक रबरी टायराच्या आतल्या बाजूस, त्याच आसावर एक पोलादी चाक असते. ते एरवी रुळाला न टेकता किंचित वर फिरत राहते. टायरातील हवा गेल्यास डबा थोडा खाली बसतो व हे चाक रुळावर टेकून भार पेलते. सांध्यांच्या जागी मार्गदर्शक पट्ट्या खंडित कराव्या लागतात. तेथे या चाकाची मोठी कड गाडीला योग्य मार्गावर नेते. गतिरोधकाचे ठोकळेही याच पोलादी चाकावर दाबले जातात. माँट्रिऑल येथे हे ठोकळे बर्च लाकडाचे असून ते भुईमुगाच्या तेलात मुरविलेले असतात. टायर फुटल्यास किंवा तापल्यास आगीला प्राणवायू मिळू नये म्हणून त्यांत हवेऐवजी नायट्रोजन भरण्याची पद्धत आहे.

या वर्णनावरून दिसून येते की, रबरी टायरांची ही रेल्वे पोलादी रेल्वेला काढून टाकीत नाही, तर तिच्यावर आणखी एक यंत्रणा चढविते. एकाच मार्गावर रूळ, धावपट्ट्या व मार्गदर्शक पट्ट्या अशा तीन जोड्या बसवून त्यांची निगा राखावी लागते. जपानमधील साप्पोरो येथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या मार्गावर ही गुंतागुंत टाळण्यात आली. तेथे पोलादी रूळ व राखीव चाके नाहीत. गाडी मध्यभागी असलेल्या एका तुळईच्या आधाराने दिशा राखते. मात्र अशा मार्गावर दुसऱ्या कोणत्याही प्रकारची गाडी चालविता येत नाही.

गुणदोष : रबर व काँक्रीट यांच्यातील पकड पोलादावरील पोलादाच्या पकडीपेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे गाडी लवकर वेग घेते, कमी अंतरात थांबते व तीव्र चढ चढू शकते. पोलादी चाकांच्या नागरी रेल्वेत शेकडा चार ते सहापेक्षा अधिक चढ सहसा ठेवीत नाहीत. स्वित्झर्लंडमधील लोझॅन येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या रबरी टायरांच्या मार्गावर शेकडा बारापर्यंत चढ आहे. सरोवराच्या काठापासून डोंगरावरील वस्तीपर्यंत चढणाऱ्या त्या शहराला दुसरी पद्धत सोयीची ठरली नसती. चढ घेता येत असल्याने बोगद्याची खोली व पुलाची लांबी कमी करता येते. तीव्र वळणांवर पोलादी चाकांचा होणारा कर्कश आवाजही टळतो.

परंतु ज्या गुणामुळे रबर पकड घेते त्याच गुणामुळे ते ऊर्जा खाते. पोलादी चाक रुळाला जवळजवळ एखाद्या नाण्याएवढ्या जागेत टेकते व फारसे दबत नाही. टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो. या क्रियेत खर्च होणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे टायराचा लोटनरोध पोलादी चाकाच्या अनेक पट असतो, वीज अधिक लागते व बोगद्यातील हवा तापते. माँट्रिऑलच्या भुयारी स्थानकांतील उष्मा हा याचाच परिणाम होय. टायर झिजतात व ठराविक काळाने बदलावे लागतात. झिजलेल्या रबराचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. आगीचा धोकाही अधिक असतो. माँट्रिऑल येथे १९७१ व १९७४ मध्ये लागलेल्या मोठ्या आगींनंतर तेथील सुरक्षा-व्यवस्थेत सुधारणा कराव्या लागल्या.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा भाराची आहे. पोलादी चाकावर क्षमतेपेक्षा काही अधिक भार पडल्यास ते लगेच निकामी होत नाही. टायराचा भार मात्र त्याच्या आकारावर व आतील दाबावर अवलंबून असतो आणि तो ओलांडल्यास टायर तापतो व लवकर खराब होतो. ज्या शहरांत सकाळ-संध्याकाळ दारात लोंबकळणारी गर्दी असते, तेथे ही मर्यादा केवळ कागदावरची राहत नाही. पाऊस व हिम यांचाही विचार करावा लागतो. माँट्रिऑलमधील सर्व मार्ग भुयारी ठेवण्यात आले, तर साप्पोरो येथील उन्नत भागावर संपूर्ण छत घालण्यात आले.

जगातील प्रसार : पॅरिसच्या तज्ञांच्या साहाय्याने माँट्रिऑल येथे १४ ऑक्टोबर १९६६ रोजी रबरी टायरांची भुयारी रेल्वे सुरू झाली. पुढील वर्षी तेथे जागतिक प्रदर्शन भरणार होते व महापौर झां द्रापो यांचा या पद्धतीस पाठिंबा होता. मेक्सिको सिटी येथे ४ सप्टेंबर १९६९ रोजी व चिलीची राजधानी सँटिआगो येथे १५ सप्टेंबर १९७५ रोजी याच पद्धतीच्या रेल्वे सुरू झाल्या. फ्रान्समध्ये मार्से (१९७७) व ल्योन्‌ (१९७८) या शहरांनीही तिचा स्वीकार केला. अनेक ठिकाणी ही निवड केवळ तांत्रिक कारणांवरून झाली नव्हती. फ्रेंच कर्ज, फ्रेंच सल्लागार व फ्रेंच कारखान्यांत तयार झालेली यंत्रसामग्री या गोष्टी परस्परांशी निगडित होत्या.

या शहरांनी नंतर घेतलेले निर्णय बोधप्रद आहेत. मेक्सिको सिटीने १९९१ व २०१२ मध्ये सुरू केलेल्या दोन मार्गांसाठी पोलादी चाके निवडली. सँटिआगोनेही २००५ पासून सुरू केलेल्या नव्या मार्गांवर पोलादी चाकांच्याच गाड्या घातल्या. परिणामी एकाच शहरात दोन प्रकारच्या गाड्या, दोन प्रकारचे मार्ग व दोन प्रकारचे सुटे भाग सांभाळावे लागतात. एका मार्गावरच्या गाड्या गरजेच्या वेळी दुसऱ्या मार्गावर पाठविता येत नाहीत.

रबरी टायरांचा दुसरा विकास लहान, हलक्या व स्वयंचलित गाड्यांच्या दिशेने झाला. फ्रान्समधील लील विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबेअर गाबियार यांच्या संशोधनावर आधारलेली ‘व्हाल’ ही चालकरहित पद्धती लील येथे १९८३ मध्ये सुरू झाली. तिचे डबे अवघे सु. दोन मी. रुंद होते. परंतु गाड्या अगदी थोड्या अंतराने सोडता येत असल्याने लहान स्थानकांतून पुष्कळ प्रवासी नेता येत. बोगदे व स्थानके लहान ठेवता आल्याने मध्यम आकाराच्या शहरालाही भुयारी रेल्वे परवडू शकली. तूलूझ (१९९३), तैपेई (१९९६), रेन (२००२) व तूरिन (२००६) येथे या पद्धतीचा अवलंब झाला. जपानमधील कोबे येथेही १९८१ मध्ये रबरी टायरांची चालकरहित नागरी रेल्वे सुरू झाली होती.

तिसरा प्रकार रस्त्यावरील मार्गदर्शित वाहनांचा होय. फ्रान्समधील नँसी व कां या शहरांनी एकाच मध्यवर्ती रुळाच्या आधाराने चालणारी रबरी टायरांची विद्युत् वाहने २००० नंतर सुरू केली. ट्रामपेक्षा ती स्वस्त पडतील अशी अपेक्षा होती. परंतु बिघाड वारंवार होऊ लागले. ही वाहने एकाच कंपनीने बनविली होती व तिने त्यांचे उत्पादन थांबविल्यावर नवी वाहने मिळेनात. कां येथील सेवा २०१७ च्या अखेरीस बंद करून तिच्या जागी २०१९ मध्ये पोलादी रुळांची सामान्य ट्राम सुरू करण्यात आली. नँसी येथील सेवा २०२३ मध्ये बंद झाली.

भारत व महाराष्ट्र : भारतातील पहिली भुयारी रेल्वे कोलकाता येथे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली. ती पोलादी चाकांची होती. दिल्ली (२००२), मुंबई (२०१४), नागपूर (२०१९) व पुणे (२०२२) येथील मेट्रो रेल्वेही पोलादी चाकांच्याच आहेत. रबरी टायरांच्या विद्युत् वाहतुकीचा अनुभव महाराष्ट्राला अन्य दोन मार्गांनी मिळाला.

पहिला अनुभव ट्रॉली बसचा होता. मुंबईत बेस्ट उपक्रमाने ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर ट्रॉली बस सुरू केली. डोक्यावरील दोन तारांतून वीज घेणारे हे वाहन सामान्य रस्त्यावरूनच धावत असे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. तिची जागा ट्रॉली बस घेईल, अशी कल्पना करणे त्या वेळी शक्य होते. परंतु वाढत्या बिघाडांमुळे २४ मार्च १९७१ रोजी ट्रॉली बसही बंद करण्यात आली. ट्रॉली बसला स्वतंत्र मार्ग नव्हता. त्यामुळे मोटारगाड्यांच्या गर्दीत ती अडकून पडे आणि तारांमुळे तिला फारसे बाजूलाही होता येत नसे.

दुसरा अनुभव मुंबईच्या मोनोरेलचा आहे. काँक्रीटच्या एकाच तुळईवर बसून रबरी टायरांनी धावणाऱ्या गाडीचा विकास जर्मनीत स्वीडिश उद्योगपती आक्सेल व्हेन्नर-ग्रेन यांच्या पुढाकाराने झाला. टोकिओ येथे १९६४ मध्ये विमानतळापर्यंत अशी रेल्वे सुरू झाली. मुंबईत या प्रकारच्या रेल्वेचा चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये व पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा दुसरा टप्पा ३ मार्च २०१९ रोजी सुरू झाला. एकूण लांबी सु. २० किमी. होती. गाड्या मलेशियातील स्कोमी या कंपनीच्या होत्या. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी म्हैसूर कॉलनी स्थानकात रिकाम्या गाडीच्या दोन डब्यांना आग लागली व सेवा सु. दहा महिने बंद राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सेवा स्वतःकडे घेतली. परंतु परदेशी बनावटीच्या गाड्यांचे सुटे भाग मिळविणे कठीण झाल्याने धावणाऱ्या गाड्यांची संख्या कमी राहिली व प्रवाशांना बराच वेळ ताटकळावे लागे.

१९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसामुळे उपनगरी रेल्वे विस्कळीत झाली आणि लोकांनी मोनोरेलकडे धाव घेतली. चार डब्यांच्या गाडीची भारक्षमता सु. १०४ टन असताना तिचा भार सु. १०९ टनांवर गेला. त्यामुळे वीज घेणाऱ्या यंत्रणेचा संपर्क तुटला, असे प्राधिकरणाने स्पष्ट केले. गाडी चेंबूर भागात उंच तुळईवरच बंद पडली व पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशामक दलाच्या शिड्यांच्या साहाय्याने उतरवून घ्यावे लागले. शेकडा पाच इतक्या अधिक भाराने गाडी थांबते, ही गोष्ट गर्दीच्या शहरात या पद्धतीची मर्यादा स्पष्ट करते. २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणांसाठी ही सेवा स्थगित करण्यात आली.

मेट्रो निओ : मोठ्या शहरांची मेट्रो रेल्वे लहान शहरांना परवडत नाही, या अडचणीतून केंद्र शासनाने दोन स्वस्त पर्याय सुचविले. ‘मेट्रोलाइट’ ही पोलादी चाकांची हलकी रेल्वे असून तिची मानके २०१९ मध्ये, तर रबरी टायरांच्या ‘मेट्रो निओ’ची मानके २०२० मध्ये जाहीर झाली. निओचे वाहन म्हणजे राखीव मार्गावर धावणारी, १८ ते २५ मी. लांबीची जोड-ट्रॉली बसच होय. डोक्यावरील तारांतून ६०० ते ७५० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह ती घेते. एका दिशेने ताशी सु. आठ हजारांपर्यंत प्रवासी असलेल्या मार्गांसाठी तिची शिफारस करण्यात आली.

या पद्धतीचा पहिला सविस्तर आराखडा नाशिकसाठी महाराष्ट्र मेट्रो रेल्वे महामंडळाने तयार केला. गंगापूर ते नाशिक रोड व गंगापूर ते मुंबई नाका असे दोन प्रमुख उन्नत मार्ग त्यात होते. तारांखाली भारित झालेल्या विद्युत् घटमालेच्या साहाय्याने हीच वाहने उपमार्गांवर तारांशिवाय चालविण्याची कल्पनाही त्यात होती. १ फेब्रुवारी २०२१ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. तथापि २०२४ अखेर प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालेले नव्हते.

वाळूज–चिकलठाणा–शेंद्रा मार्ग : छत्रपती संभाजीनगरची आधुनिक वाढ कारखान्यांच्या अनुषंगाने व पूर्व-पश्चिम दिशेने झाली. शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर सुखना नदीजवळ असलेले चिकलठाणा हे गाव औद्योगिक क्षेत्र व विमानतळ यांमुळे शहराचाच भाग बनले. १९७० नंतर सिडकोने शहर व चिकलठाणा यांच्या दरम्यान नवी वसाहत उभारली. पश्चिमेस वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला व त्याभोवती सुट्या भागांचे अनेक लहानमोठे कारखाने निघाले. रबरी टायर बनविणारा मोठा कारखानाही वाळूजलाच आहे. चिकलठाण्याच्याही पूर्वेस शेंद्रा येथे नंतर औद्योगिक क्षेत्र विकसित झाले व दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ‘ऑरिक’ नगरीचा शेंद्रा हा एक भाग बनला. परिणामी कामगारांची वस्ती एका टोकाला व काम दुसऱ्या टोकाला अशी स्थिती निर्माण झाली. पाळी बदलण्याच्या वेळी जालना रस्त्यावर होणारी दाटी हे तिचे दृश्य रूप होय. कामगारांपैकी पुष्कळांचा आधार दुचाकी किंवा सहप्रवासी रिक्षा हाच असतो.

वाळूज ते शेंद्रा या सु. २५ किमी. अंतरासाठी महाराष्ट्र मेट्रो रेल्वे महामंडळाने २०२२ मध्ये सविस्तर प्रकल्प अहवाल तयार केला. त्यात मेट्रो निओ आणि सलग उड्डाणपूल यांची एकत्रित कल्पना मांडण्यात आली होती. चिकलठाणा हे या मार्गावरील महत्त्वाचे ठिकाण ठरते. औद्योगिक क्षेत्र, विमानतळ व रेल्वेस्थानक तिन्ही तेथे आहेत.

या मार्गाच्या बाबतीत रबरी टायरांच्या बाजूने व विरुद्ध असलेले मुद्दे इतिहासावरून तपासता येतात. जालना रस्त्यावर लोझॅनसारखे चढ नाहीत आणि स्थानकांमधील अंतरही पॅरिसइतके कमी राहणार नाही. म्हणजे ज्या दोन कारणांसाठी या पद्धतीचा जन्म झाला, ती दोन्ही येथे फारशी लागू पडत नाहीत. चिकलठाणा वेधशाळेत उन्हाळ्यात ४०° से.हून अधिक तापमानाची नोंद होते. अशा उन्हात तापलेल्या काँक्रीटवर धावताना टायरांची झीज व वातानुकूलनाचा वीजखर्च हे दोन्ही वाढणार. उलटपक्षी, निओच्या वाहनास रूळ व मार्गदर्शक पट्ट्या लागत नसल्याने प्रारंभिक खर्च बराच कमी होतो. वाहन हलके असल्याने पुलाचे खांबही हलके करता येतात. शिवाय हे वाहन मूलतः बसच असल्यामुळे एखाद्या कंपनीने उत्पादन थांबविल्यास दुसरीकडून ते घेणे मोनोरेलच्या तुलनेने सोपे असते.

निर्णायक मुद्दा प्रवासीसंख्येचा आहे. कारखान्यांच्या मार्गावरील गर्दी दिवसभर सारखी नसते, तर पाळी सुटण्याच्या थोड्या वेळात एकवटते. सरासरीवरून आखलेली व्यवस्था नेमक्या त्या वेळी अपुरी पडते. एका दिशेने ताशी आठ हजार प्रवाशांची मर्यादा आरंभी पुरेशी वाटली, तरी शेंद्रा येथील उद्योग वाढल्यावर ती ओलांडली जाण्याचा संभव आहे. अशा वेळी पुलाची तुळई व स्थानकांची लांबी जड गाड्यांना पुरेल अशी आधीच ठेवली असेल, तरच पुढे पोलादी रुळांवर जाता येईल.

मार्गाची निवड दीर्घकाळ बांधून ठेवते, याचा अनुभव या शहराला पूर्वी आलेला आहे. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. ती मीटर मापी होती, तर मनमाडवरून जाणारा मुंबईचा मार्ग रुंद मापी होता. काटकसरीच्या दृष्टीने ही निवड त्या वेळी गैर नव्हती. परंतु तिच्यामुळे मराठवाड्यातील प्रवाशांना मुंबईस जाताना मनमाडला गाडी बदलावी लागे आणि मालाचीही तेथे चढउतार करावी लागे. मार्ग रुंद मापी होण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. चिकलठाण्याचे लहान रेल्वेस्थानक याच मार्गावर आहे व उन्नत मार्ग झाल्यास तो त्याच्या जवळूनच जाईल. रबरी टायरांच्या रेल्वेचा जगभरातील अनुभवही याच स्वरूपाचा आहे. वाहनाचे आयुष्य काही दशकांचे असते, तर मार्गाचे शतकाचे. म्हणून नव्या मार्गाचा विचार करताना आजच्या वाहनाच्या किमतीपेक्षा त्या मार्गावर पुढे कोणती वाहने चालविता येतील, याला अधिक महत्त्व द्यावे लागते.